खुंटीबरोबर गेलेला अर्धा

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. साष्टांग घालायला वसतिगृहाच्या या खोलीत जागा नाही, म्हणून उभ्याउभ्याच केला असं धरून चाला. पलंगावर बसलं की गुडघे टेबलाला लागतात, पत्र लिहायला मात्र त्यामुळे सोय होते.

तुमच्याकडचे दोन दिवस फार छान गेले. निघताना मामींनी विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय गं?" गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी "दगड फोडते" असं सांगून पळाले. त्या हे शेजारणीला सांगतील. त्याआधी खरं काय ते त्यांना वाचून दाखवा.

तुम्ही भिंगातून पाहिलेत ते सहा स्फटिक मसुराच्या डाळीएवढे असले तरी आत अणूंचे लाखो थर आहेत. एक थर गॅडोलिनियमचा, मग सिलिकॉन, ऱ्होडियम, सिलिकॉन, मग परत गॅडोलिनियम, असं शेवटपर्यंत. गॅडोलिनियम हे 'दुर्मिळ मृदा' नावाच्या घराण्यातलं. या घराण्यातले बहुतेक जण फारसे दुर्मिळ नाहीत आणि माती तर कोणीच नाही, पण नाव एकदा पडलं ते पडलं. हे गॅडोलिनियम थंड केलं की आतल्या आत चुंबक होतं. मला बघायचंय ते इतकंच: सगळ्यात वर सिलिकॉन असेल, तर तिथे फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना चौथ्या थरात बसलेल्या चुंबकाची खबर लागते का?

त्यासाठी कोरा करकरीत पृष्ठभाग लागतो. हवेत तो क्षणभरही टिकत नाही. म्हणून स्फटिक होल्डरवर चिकटवायचा, त्याच्या डोक्यावर सिरॅमिकची एक खुंटी चिकटवायची, सगळं चेंबरमध्ये घालून हवा काढून टाकायची, आणि आतल्या आत खुंटीला ठोका द्यायचा. खुंटीबरोबर वरचा तुकडा उडतो, खालच्याचं ताजं तोंड उघडं पडतं. त्यावर प्रकाश टाकला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते कुठल्या दिशेने आणि किती वेगाने येतात ते मोजलं की आत ते कसे नांदत होते ते कळतं.

स्फटिक मोडतो तो नेहमी गॅडोलिनियम आणि सिलिकॉनच्या मधोमध. वर दोघांपैकी कोण राहील, ते नशीब. मोजायचं यंत्र आम्हाला पाळीपाळीने मिळतं. मागच्या पाळीत मी चार मोडले आणि चारही वेळा गॅडोलिनियम आलं. स्फटिक करणारे भट्टीवाले काका निवृत्त झालेत, त्यांच्या जागी अजून कोणी नाही, तेव्हा आता हे सहाच. जूनमध्ये प्रबंध द्यायचाय. सिलिकॉन मिळालं नाही तर शेवटचं प्रकरण नाही, आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, त्या प्रकरणाशिवाय तो प्रबंध नव्हे, प्रस्तावना आहे.

आता कामाचं. खुंटी चिकटवताना चांदीचा गोंद स्फटिकाच्या कडेवरून खाली ओघळतो. मग ठोका दिला तरी तो मोडत नाही, नाहीतर वाकडा फुटतो. तुम्ही चाळीस वर्षं कवळ्या केल्यात. काही युक्ती असेल तर कळवा.

तुमची
ठकी

ता.क. स्फटिक मी तुमच्याकडे आणले होते हे इथे कोणाला माहीत नाही. कपाटाबाहेर न्यायचे नसतात. पण तुमच्याकडच्यासारखं भिंग इथे नाही.


१० जानेवारी

ठके,

आशीर्वाद. तुझ्या आईला तू फोन करतेस आणि मला पत्र लिहितेस, यावर ती रुसली आहे. मी तिला सांगितलं, माझ्या कानाला फोन लावणं म्हणजे भिंतीला लावणं. कानात घालायचं यंत्र मुलाने आणून दिलंय. ते खोक्यात सुखात आहे.

तुझी मामी तुझं पत्र ऐकून म्हणाली, "म्हणजे दगडच फोडते की."

गोंदाचं सांगतो. तू जेवढा घेतेस त्याच्या चौथा हिस्सा घे. तोही खुंटीला लाव, स्फटिकाला नव्हे. सुईच्या टोकाने मधोमध एक ठिपका ठेव आणि खुंटी सरळ वरून टेकव. टेकवून फिरवायची नाही. सगळे नवशिके फिरवतात. फिरवली की गोंद कडेला पळतो. टेकवल्यावर हात काढून घे आणि दुसऱ्या खोलीत जा, कारण जवळ राहिलीस तर बोट लावल्याशिवाय राहणार नाहीस.

एक शंका आहे, निव्वळ कुतूहल. समजा असा स्फटिक कुणाकडून बाहेर, साध्या हवेत, टेबलावर मोडला, तर त्याचं काही नुकसान होतं का? आणि तो आतून आरशासारखा चकचकीत दिसावा, की थोडा करडा?

तुझं इथे काही राहिलेलं नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवतो.

मामा


१९ जानेवारी

मामा,

गोंदाची युक्ती शंभर नंबरी. दोन स्फटिक लावले, दोन्ही पहिल्या ठोक्याला सपाट मोडले. दोन्हींवर गॅडोलिनियम. पण तो दोष गोंदाचा नाही.

तुमच्या शंकेचं उत्तर: हवेत मोडला की तो गेला. दिसतो आरशासारखा, पण मोजण्याच्या कामाचा राहत नाही.

आता जे सांगते ते आईला सांगू नका. बारा तारखेला डबी उघडली तर स्फटिक पाच. मी तीनदा मोजले. पाचच.

कपाटाच्या चाव्या दोघांकडे असतात: माझ्याकडे, आणि माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या एकाकडे. त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. तो सावकाश येतो, सावकाश जातो, आणि प्रश्न विचारला तर उत्तर येईपर्यंत चहा निवतो. तोही याच स्फटिकांवर काम करतो, पण त्याला हवा असतो गॅडोलिनियमचा पृष्ठभाग. म्हणजे मला जे नको आणि सारखं मिळतं, ते त्याला हवं. त्याच्या डबीत दोनच उरले होते. दोन उरलेला माणूस सहावालीच्या डबीकडे कसा बघेल, ते तुम्हीच सांगा.

मी त्याला विचारलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मी नाही घेतला." निरपराध माणूस इतका वेळ घेत नाही. मी मॅडमच्या कानावर घातलं. मॅडम म्हणाल्या, पुरावा नाही तेव्हा कोणी कोणाला चोर म्हणायचं नाही, पण स्फटिक थोडे आहेत तेव्हा चावी एकाकडेच राहू दे. ती माझ्याकडे आली. आता त्याला स्वतःची डबी हवी असली तरी माझ्याकडे येऊन मागावी लागते.

मला वाईट वाटत नाही असं नाही. पण तीन स्फटिक उरलेत, मामा, आणि मी घाबरले आहे.

ठकी


२५ जानेवारी

ठके,

पत्र दोनदा वाचलं. तुझी मामी म्हणाली तोंड का उतरलंय, तर मी म्हटलं दाढ दुखते. तिने आठवण करून दिली की सगळ्या दाढा मीच केलेल्या आहेत.

हे बघ, इतक्या घाईने माणसावर शिक्का मारू नये. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं होऊ नये. डाळीएवढी वस्तू ती, कापसात अडकली असेल, प्रवासात पडली असेल. तू डबी माझ्याकडे आणली होतीस हे मॅडमना सांगितलंस का? सांगून टाक. तेवढं सांगितलं तरी त्या मुलावरचा भार हलका होईल.

दुसरं एक. खालचा तुकडा होल्डरवर राहतो, त्याचं तोंड तू बघतेस, हे कळलं. खुंटीबरोबर उडतो तो वरचा तुकडा जातो कुठे? त्याचं कोणी काही करतं का? सहज विचारतोय.

चावी मात्र त्याला परत द्यावी असं मला वाटतं. का ते विचारू नकोस.

मामा


३ फेब्रुवारी

मामा,

तुमचा संन्यासी कबूल झाला. तोंडाने नव्हे. परवा सकाळी माझ्या टेबलावर कागदाची एक पुडी होती. आत एक स्फटिक. चिठ्ठी नाही, नाव नाही. समोर सावकाश पडद्यावर काहीतरी बघत बसला होता. मी म्हटलं, "सापडला वाटतं." त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळणार नाही अशी.

तेव्हा तो प्रवासात पडला वगैरे आता राहू द्या. डबीचा प्रवास मॅडमना सांगण्याचा प्रश्नच उरला नाही. मॅडमना पुडीचं सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या. चावी माझ्याकडेच आहे. तो रोज येतो, टेबलाच्या कडेला उभा राहतो आणि म्हणतो, "चावी." मी देते आणि वहीत वेळ लिहिते. परत केली की परतीची वेळ लिहिते. एकदा वही नव्हती तर त्यानेच शोधून दिली.

बाकी बातमी वाईट. परत आलेला स्फटिक मोडला: गॅडोलिनियम. माझ्यातला एक मोडला: गॅडोलिनियम. तिसरा लावताना खुंटी टेकवून मी बोटाने फिरवली. तुम्ही सांगितलं होतं, तरी फिरवली. तो चुरा झाला. आता डबीत एकच आहे. शेवटची पाळी एक मार्चला. काल आईशी फोनवर बोलताना मला रडू आलं आणि मी सर्दी झाल्याचं सांगितलं.

तुम्ही विचारलंत म्हणून: वरचा तुकडा खुंटीसकट चेंबरच्या तळाशी पडतो. त्याचं कोणी काही करत नाही. मागच्या वर्षी पंप बदलायला चेंबर उघडलं तेव्हा तळातून एक्केचाळीस खुंट्या निघाल्या. झाडून टाकल्या.

ठकी


८ फेब्रुवारी

ठके,

हे पत्र बसून वाच. गुडघे टेबलाला लागले तर लागू देत.

तुला परत मिळालेला स्फटिक तुझा नव्हता. तुझा माझ्याकडे आहे. दोन तुकड्यांत, दाढांच्या डबीत, खालच्या डाव्या दाढांच्या खणात. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा मी तो काढून घेतला.

का घेतला, याची दोन उत्तरं आहेत. पहिलं, मला वाटलं तुझ्या गोंदाची अडचण मी घरी करून बघतो आणि तुला तयार युक्ती देतो. हे खरं आहे, पण हे मी नंतर ठरवलं. दुसरं असं, की दुकान बंद करून मला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत माझ्या हातांना बारीक असं काही मिळालेलं नाही. हल्ली उजवा हात थरथरतो म्हणून तुझी मामी मला सुईत दोराही ओवू देत नाही. भिंगाखाली तुझा स्फटिक पाहिला आणि हाताला राहवलं नाही. चिमटीत धरला तेव्हा हात हलला नाही. मग मी तो परत ठेवला नाही. चोरीच म्हणायची ती. दहा तारखेच्या पत्रात लिहिणार होतो, धीर झाला नाही. पंचवीस तारखेला तर माझ्यामुळे एका मुलाची चावी गेलेली होती, आणि मी तुला उपदेश केला.

तुझ्या मामीला काल सांगितलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मला ऐकू येत नसल्याने हे आज दुपारी लक्षात आलं.

तेव्हा टेबलावरची पुडी कोणाची, याचा विचार तू कर. त्याच्याकडे दोनच होते, असं तूच लिहिलं आहेस.

आता दुसरी गोष्ट. मी स्फटिक मोडला तो तुमच्यासारखा ठोका देऊन नाही. कवळीचा साचा उघडायचा जो स्क्रू असतो, त्याच्या दोन पोलादी चकत्यांच्या मध्ये तो चिकटवला आणि स्क्रू फिरवून चकत्या सरळ एकमेकींपासून ओढल्या. मधोमध सुटला. एका चकतीवर अर्धा, दुसरीवर अर्धा. दोन्ही चकचकीत. महिनाभर ते दोन्ही माझ्यासमोर आहेत आणि मी रोज तुझं पहिलं पत्र वाचतो. मोडतो तो गॅडोलिनियम आणि सिलिकॉनच्या मधोमध, असं तू लिहिलंस. मग एका तुकड्याच्या तोंडावर गॅडोलिनियम राहिलं, तर दुसऱ्याच्या तोंडावर कोण असणार?

दात उपटल्यावर तुम्ही हिरडीकडे बघत बसता आणि दात टाकून देता. एक्केचाळीस, ठके.

माझी अक्कल दातांपुरती. चुकत असेन तर सोडून दे. पण त्या मुलाकडे आजच जा.

मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र आलं तेव्हा सावकाश समोरच होता. मी उठून त्याच्या टेबलाच्या कडेला उभी राहिले, तो माझ्या टेबलाशी उभा राहतो तशी. मग मला काय म्हणायचं ते आठवेना, म्हणून मी पत्रच त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने ते वाचलं. किती वेळ वाचलं ते सांगत नाही. तेवढ्यात माझं तुमच्यावर चिडून झालं, स्वतःवर चिडून झालं, आणि मी परत तुमच्यावर आले.

मी विचारलं, "तो तुझा होता?"

"हो."

"घेतला नव्हतास तर दिलास कशाला?"

तो म्हणाला, "तू सारखी डबी उघडून मोजत होतीस. हात थरथरत होते तुझे. असा हात घेऊन तू बाकीचेही फोडले असतेस." मग म्हणाला, "एक फोडलासच."

मी माफी मागितली. ती नीट मागता आली नाही. तो म्हणाला, "बरं." मामा, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो रोज "चावी" म्हणायचा आणि मी घड्याळ बघायचे.

सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं: स्फटिक मीच बाहेर नेले होते, चोरी माझ्या मामांनी केली, आणि परत आलेला स्फटिक याचा स्वतःचा होता. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाल्या, "चावी त्याला दे. तुला लागली की त्याच्याकडे माग. वही मी बघणार." आता वहीत माझ्या वेळा तो लिहितो. अक्षर सुंदर आहे.

नंतर त्यांनी तुमच्या पत्रातलं वरच्या तुकड्याबद्दलचं वाचलं. म्हणाल्या, हे आपल्याला माहीत होतं. खरंच माहीत होतं, मामा. पुस्तकात चित्र आहे, त्यात दोन्ही तुकडे आहेत. पण खुंटी पडते, तिला परत उचलून प्रकाशासमोर धरायची सोय नाही, म्हणून ती पडते, आणि पडते म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. आमच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं हेच चाललंय.

सावकाशचा एकच प्रश्न आहे: तुमच्या स्क्रूचं माप काय? त्याने चित्र काढलंय, सोबत जोडते. खुंटीच्या जागी दुसरा होल्डर. मध्ये स्फटिक. आतल्या आत ओढायचा. गॅडोलिनियम त्याचं, सिलिकॉन माझं. स्फटिक माझा वापरायचा की त्याचा, यावर वाद झाला. माझा ठरला. वाद मी जिंकला असा हा पहिलाच, आणि त्यात मी एक स्फटिक घालवते आहे.

तुमच्यावरचा राग अजून आहे. हात हलला नाही, हे वाचून तो थोडा कमी झाला.

ठकी


२३ फेब्रुवारी

ठके,

सोबतच्या खोक्यात स्क्रू आणि स्फटिक दोन्हीकडून धरायचे दोन जबडे आहेत, त्या मुलाच्या चित्राबरहुकूम. चित्र फार नीटस आहे. एका ठिकाणी त्याचं माप चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं आणि बाजूला सही केली. तेल कुठेही लावलेलं नाही, तुमच्या चेंबरला चालत नाही असं त्याने लिहिलं होतं. आटे कोरडेच घासून बसवलेत. आठ दिवस काम केलं. तुझी मामी समोर बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही, म्हणून यंत्र खोक्यातून काढून कानात घातलं आणि परत विचारलं. ती म्हणाली, "दिवा जवळ घ्या."

गोंद ठिपकाभर, दोन्ही बाजूंना. फिरवायचं नाही.

मोडलेले दोन तुकडेही पाठवतो आहे. कामाचे नाहीत हे माहीत आहे. पण वस्तू तुमची आहे.

मामा


६ मार्च

मामा,

एक तारखेला सकाळी लावला. गोंद सावकाशने लावला आणि आम्ही दोघं दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. दुपारी चेंबरच्या काचेतून बघत मी बाहेरच्या मुठीने आतला स्क्रू फिरवला. सहाव्या आट्याला सुटला. दोन्हीकडे अर्धा अर्धा, आरशासारखा. मॅडम खुर्चीवर चढून बघत होत्या.

दोन्हींकडे दहा-दहा मिनिटं नजर टाकली. एकावर गॅडोलिनियम. दुसऱ्यावर सिलिकॉन. अकराव्या स्फटिकाला, मामा. म्हणजे आधी गॅडोलिनियम आलं त्या प्रत्येक वेळी ते तळाला पडलेलं होतं.

पण एका वेळी एकच अर्धा मोजता येतो, आणि दुसरा थांबला की तासातासाने शिळा होतो. इतकी हवा काढूनही थोडी उरतेच. पहिला कोणाचा, याचा निर्णय मॅडमनी माझ्यावर सोडला. मी म्हटलं, त्याचा. त्याने नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्याला वेळ लागतो, तोवर मी त्याचा अर्धा प्रकाशासमोर नेला होता.

त्याचं चित्र लखलखीत आलं. प्रबंध झाला त्याचा. माझा अर्धा चौदा तास थांबला. चित्र पुसट आहे, रेषा धुरकट आहेत. पण थंड करत नेलं, गॅडोलिनियम चुंबक झालं, आणि वरच्या सिलिकॉनवरची एक रेष दुभंगून तिच्या दोन झाल्या. परत गरम केलं, एक झाली. चौथ्या थरातली खबर वर लागते. मी ते तीनदा करून पाहिलं, कारण मोजण्याच्या बाबतीत माझ्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

मॅडम म्हणाल्या, हे खरं आहे, पण छापायला चित्र पुसट आहे. आणखी एक स्फटिक हवा. पाळीचा एक दिवस शिल्लक होता आणि माझी डबी रिकामी होती. मी ठीक आहे म्हटलं आणि खोलीवर जाऊन झोपले.

काल सकाळी टेबलावर कागदाची पुडी होती. आत त्याचा शेवटचा स्फटिक. या वेळी कागदावर त्याच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: "हा मी देतो आहे. मोजून घे."

मी मोजला. एक आहे.

ठकी